हळूहळू... पण रोज (गीता ६.२५)



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला पंचविसावा. त्याचा भाव असा: बुद्धीला धीराचा आधार द्यावा आणि हळूहळू मनाला शांत होऊ द्यावं. 'हळूहळू' हा शब्द भगवंत इथे एकदा नाही, लागोपाठ दोनदा उच्चारतात. दहा मिनिटांत किराणा घरी येण्याची सवय झालेल्या आपल्याला नेमका हाच शब्द पचत नाही. चार दिवस माळ ओढली की पाचव्या दिवशी प्रश्न तयारच असतो, "मन शांत का होत नाही?"

हा श्लोक मला नीट कळला तो बर्मिंगहॅमला. मावसभावाकडे गेले होते. काका जाऊन पाच महिने झाले होते. एका पावसाळी दिवशी दादाने भाड्याची नॅरोबोट घेतली आणि आम्ही शहराच्या मधोमध असलेल्या फार्मर्स ब्रिजच्या लॉक्समधून निघालो. हा कालवा १७८९ सालचा. ओळीने १३ लॉक आहेत आणि त्यातून बोट सुमारे ८० फूट खाली उतरते. काही ठिकाणी तर वर इमारत, खाली कालवा!

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा अरुंद हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं. मग पुढच्या दारातल्या छोट्या झडपा हँडल फिरवून उघडायच्या, की हौदातलं पाणी खाली निघून जातं. गंमत अशी, की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येईपर्यंत ते दार उघडतच नाही. कित्येक टनांचा दाब त्याला घट्ट मिटून ठेवतो. चार पैलवान आणा, हलणार नाही. पातळी सारखी झाली, की एकटा माणूस पाठ टेकवून तेच दार सहज उघडतो.

दादा भिजत उभा होता. म्हणाला, "सगळे म्हणतात, आता तरी सावर रे. कसं सावरायचं ते कुणी सांगत नाही." मला उत्तर सुचलं नाही. मी नुसती त्याच्या शेजारी उभी राहिले. समोर पाणी उतरत होतं.

नंतर हा श्लोक वाचताना ते पाणी आठवलं. दुःख असो, राग असो, परीक्षेची धास्ती असो, दार ढकलणं आपलं काम नाही. झडप उघडणं आपलं काम. नाम, वाचन, जवळच्या माणसाशी दोन शब्द, मोकळेपणाने रडणं, या सगळ्या झडपाच. पाणी त्याच्या गतीने उतरतं.

पण 'हळूहळू' म्हणजे 'आपोआप' नव्हे, बरं का! लॉकमध्ये उतरताना मागच्या दाराशी पाण्याखाली एक दगडी पायरी असते. बोटीचा मागचा भाग तिच्यावर अडकला, तर पाणी उतरतं पण बोट तिरकी होते, बुडूही शकते. म्हणून तिथे पांढरी खूण केलेली असते आणि बोट सतत तिच्या पुढे ठेवावी लागते. श्लोकातला 'धीर' तो हाच. पुढचा सव्विसावा श्लोकही तेच सांगतो: मन जिथे जिथे भटकेल, तिथून त्याला परत आणावं. ओरडून नाही, अलगद. काकांची आठवण येणारच, ती यावी. त्या पायरीवर अडकून मात्र राहायचं नाही.

आणि एक. खाली उतरणं म्हणजे बुडणं नव्हे. प्रत्येक लॉकमध्ये आम्ही खाली जात होतो, तरी प्रवास पुढेच चालला होता.

आजचा अभ्यास: पाच मिनिटं बसा आणि नाम घ्या. मन पळालं की परत आणा. शंभरदा पळालं तर शंभरदा आणा. 'शांत झालं का?' हे आज तपासायचं नाही. उद्या पुन्हा बसायचं, बस्स.

हे माऊली, ज्याच्या मनात आज पाणी तुंबलंय, त्याला धीर दे.

राम कृष्ण हरी!