मुका मार समजून थांबू नका

पावसाळा सरल्यानंतरचा एक रविवार. संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना विशीतला एक तरुण मित्राच्या गाडीवर मागे बसून आला. "डॉक्टर, विशेष काही नाही, मुका मार आहे. एक दुखण्याचं इंजेक्शन द्या," म्हणाला. दुपारी टेकडीवर मोटारसायकल चढवताना पडला होता. घरी आईने आंबेहळदीचा लेपही लावला होता.

खरे सांगतो, माझा हातही इंजेक्शनकडे गेला होता. तेवढ्यात तो म्हणाला, "डावा खांदाही दुखतोय." मी विचारले, "खांद्यावर पडलास का?" "नाही." मग मात्र त्याला टेबलावर झोपवले. नाडी मिनिटाला ११८. रक्तदाब ११०/७०, म्हणजे ठीकच. डाव्या बरगड्यांच्या खाली रुपयाएवढा गोल वण. सलाईन लावून त्याला लगेच पुण्याला पाठवले. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. पाणथरी, म्हणजे प्लीहा फाटली होती.

या खेळाला 'हार्ड एंड्युरो' म्हणतात. दगड-गोटे, ओढे, उभे चढ यांतून गाडी काढायची. ऑस्ट्रियातील एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून अशी शर्यत होते. मुख्य शर्यतीत सुमारे ५०० जण सुटतात, चार तासांत शेवट गाठणारे मोजकेच. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची लीग झाली. तो प्रकार वेगळा, पण मातीवरच्या गाड्यांचे वेड त्याच जातीचे. दौंड-शिरूरकडची मुलेही आता सुटीच्या दिवशी मुरमाड टेकड्या शोधू लागली आहेत. व्यायाम म्हणून हा छंद वाईट नाही, त्यात दम चांगलाच निघतो. पण अधिकृत शर्यतीत डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी असते. आपल्या टेकडीवर कोण असते?

मुले म्हणतात, "गाडी पहिल्या गिअरमध्येच असते, लागून लागून किती लागणार?" इथेच चूक होते. चढावर चाक दगडाला अडते, हँडल गर्रकन वळते आणि त्याचे टोक पोटात घुसते. सगळा जोर एवढ्याशा जागेवर येतो. कातडीवर नुसता वण, आत मात्र इजा.

प्लीहा डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. मुठीएवढी, मऊ आणि रक्ताने भरलेली. ती फाटली की रक्त पोटात साचते. ते श्वासपटलाला लागले की दुखणे खांद्यात जाणवते, कारण श्वासपटलाची नस मानेतूनच येते. तरुण शरीर बराच वेळ तग धरते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दीड लिटर जाईपर्यंत रक्तदाब टिकू शकतो. आधी वाढते ती नाडी. कधी कधी रक्तस्राव काही दिवसांनीही सुरू होतो.

म्हणून पोटाला मार लागल्यावर ही लक्षणे पाहा:

१) पोटात वाढत जाणारे दुखणे, पोट कडक होणे.
२) मार न लागताही डावा खांदा दुखणे.
३) चेहरा पांढरा पडणे, थंड घाम, तहान, उठताना चक्कर.
४) स्वस्थ पडूनही नाडी १०० च्या वर राहणे.

यांतले एकही असेल तर १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे ठेवा. पोट चोळू नका, शेकू नका. खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकते. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी लक्षणे झाकली जातात, काहींनी रक्तस्रावही वाढतो. लक्षणे नसली तरी हँडल पोटात लागले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ती रात्र एकटे झोपू नका.

हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बूट हवेतच. पण छातीचे कवच बहुधा पोटाच्या वरच संपते. म्हणून हँडलच्या टोकांचे रबर फाटले की लगेच बदला. उघडी नळी पोटात जास्त घुसते. एकट्याने जाऊ नका. कोठे जाणार ते घरी सांगून जा.

त्या मुलाला ऑपरेशन लागले नाही. हल्ली अशा बऱ्याच रुग्णांना नुसत्या देखरेखीखाली ठेवून बरे करता येते. मात्र ते वेळेत पोहोचले तरच. काही महिने गाडी बंद, एवढ्यावर त्याचे भागले. परवा आई त्याला घेऊन तपासायला आली होती. "डॉक्टरसाहेब, मी तर लेप लावून झोपवणार होते," म्हणाली. मी तिला सांगितले, "ताई, मीही इंजेक्शन देऊन घरी पाठवणार होतो."