एक सांचा, अनेक यंत्रें



सोनपेठसारख्या तालुक्याच्या गांवींही आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, पीकविम्याची नोंद हीं कामें इंटरनेटवरूनच होतात. भिंतीवर लाविलेली जी लहानशी पेटी तारेंतून आलेला संदेश बिनतारी लहरींवर चढविते, तिला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणतात. ती बंद पडली म्हणजे किती जणांचा खोळंबा होतो, हें आपण पाहतोंच. अशा अनेक पेट्यांची व्यवस्था एकाच ठिकाणाहून कशी ठेवावी, याचा आज थोडा विचार करूं.

प्रत्येक पेटीस कांहीं गोष्टी सांगाव्या लागतात: जाळ्याचें नांव कोणतें, पासवर्ड कोणता, संदेश गुप्त राखण्याची पद्धत कोणती, चॅनल कोणता, आणि देश कोणता. देश सांगावयाचा तो अशासाठीं कीं, कोणत्या लहरी किती शक्तीनें वापराव्या याचे नियम देशोदेशीं निराळे आहेत. दोन-चार पेट्या असल्यास हें सर्व हातानें भरतां येतें. परंतु त्या हजारों झाल्या म्हणजे काय करावें? जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनीं मोफत वाय-फाय सुरू केलें. जून २०१८ मध्यें आसामांतील दिब्रुगड हें त्या योजनेंतील ४०० वें स्थानक ठरलें. पुढें गूगलनें अंग काढून घेतलें, तरी रेलटेलनें काम चालूच ठेविलें, आणि ही सोय ६,००० हून अधिक स्थानकांवर पोंचली. इतक्या ठिकाणीं जाऊन माणसानें एकेक पेटी उघडून बसावें, हें शक्य नाहीं.

येथें ‘टेम्पलेट’ म्हणजे सांचा उपयोगी पडतो. तो ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या संगणकांवर, ठेविलेला असतो. पेटी सुरू झाली कीं ती आपण होऊन त्या संगणकाशीं बोलते, आपला अनुक्रमांक सांगते, व तिला नेमून दिलेला सांचा उतरवून घेते. जुन्या छापखान्यांचें उदाहरण घ्या. पोलादी ठसा तांब्यांत उठवून मातृका करीत, आणि तींत धातु ओतून हवे तितके खिळे पाडीत. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं याच मार्गानें देवनागरी अक्षरें सुधारिलीं, आणि तेथें काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढिला. मातृका सुबक तर प्रत्येक खिळा सुबक. मातृकेंत खोट राहिली तर तीच खोट हजार पानांवर उमटावयाची. सांच्याचें बळ व सांच्याचें भय हीं एकाच ठिकाणीं राहतात.

म्हणून सांच्यांत काय घालावें व काय घालूं नये, हें आधीं ठरवावें. जाळ्याचें नांव, पासवर्ड व गुप्ततेची पद्धत हीं सर्वांस समान. तीं सांच्यांत असावींत. पेटीचें स्वतःचें नांव, जागा व चॅनल हीं मात्र पेटीपुरतीं निराळीं ठेवावींत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत परस्परांस अडथळा न करणारे म्हणून १, ६ व ११ हे तीनच चॅनल सामान्यतः वापरतात. शेजारच्या दोन पेट्यांस एकच चॅनल दिला, तर एकाच खोलींत दोन गुरुजींनीं दोन धडे शिकविल्यासारखें होतें. तसेंच, कोणीं पेटीजवळ जाऊन हातानें केलेला बदल बहुतेक व्यवस्थांत पुढें सांचा पुसून टाकितो. यास्तव सुधारणा करावयाची ती मुळांतच करावी.

यासंबंधीं माझीच एक चूक सांगतों. एका संस्थेंत हें काम मजकडे होतें. एकाच तारेंतून कार्यालयाचा एक व विद्यार्थ्यांचा एक असे निराळे मार्ग काढितात. त्यांस व्हीलॅन म्हणतात. मीं सांच्यांत विद्यार्थ्यांच्या मार्गाचा क्रमांक चुकीचा घातला, आणि न तपासतां तो सर्व पेट्यांस पाठविला. दिवे लागलेले, जाळ्याचें नांवही दिसे, पण एकही पान उघडेना! तो शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. पेट्यांचा क्लाउडशीं बोलण्याचा मार्ग निराळा असल्यानें व पूर्वीचा सांचा राखून ठेविल्यानें तो मला परत आणतां आला. परंतु चूक सांपडेपर्यंत संध्याकाळ झाली. खेड्यांतून आलेल्या एका मुलीचा अर्ज राहून गेला. तिचे वडील मला एक अक्षरही उणें बोलले नाहींत. तेंच मला अधिक लागलें.

तेव्हांपासून चार नियम मीं पाळिले आहेत. नवा सांचा प्रथम एकाच पेटीवर लावून दिवसभर पाहावा. जुना सांचा जपून ठेवावा, आणि बदल कोणीं, केव्हां व कां केला हें लिहून ठेवावें. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या दिवसांत सांच्यास हात लावूं नये. बदलाचा अधिकार एका-दोघांकडेच असावा, आणि कार्यालयाचा पासवर्ड विद्यार्थ्यांच्या जाळ्यास कधींही देऊं नये.

मित्रहो, पुढें तुम्हांपैकीं कित्येक जण अशा यंत्रांमागें बसतील. तुमच्या एका अंकाच्या मागें शंभर घरांचें काम उभें असेल, हें विसरूं नका. अल्प गोष्टींत विश्वासू राहण्याची शिकवण आपणांस प्रभूनें दिली आहे. पाठविण्यापूर्वीं पुन्हां एकदां वाचून पाहणें, हा तिचाच एक साधा पाठ होय.