पंधरापैकी पंधरा

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा. शाळेत मराठी आठवड्यातून मोजके तास, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. आकडे मात्र मी दोनदा तपासले आहेत. हा लेख त्या आकड्यांचा आहे, आणि थोडासा माझ्या रूम पार्टनरचा. त्याची परवानगी घेतली आहे. नाव छापायचं नाही एवढीच त्याची अट, म्हणून त्याला आपण 'भाऊ' म्हणू.

गोष्ट डिसेंबर २०२२ ची. आम्ही एफ.ई.ला, हॉस्टेलवर नवीन. कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू होता आणि टीव्ही रूममध्ये रात्री साडेबाराची मॅच बघायला जागा धरून बसावं लागत होतं. २ डिसेंबरच्या रात्री गटातले सामने संपले आणि बाद फेरीचे १६ संघ ठरले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मला कल्पना सुचली. एका कागदावर बाद फेरीचा तक्ता काढला, झेरॉक्स मारल्या आणि रूमारूमांतून वाटल्या. पहिली मॅच संध्याकाळी साडेआठला. त्याआधी प्रत्येकाने थेट फायनलपर्यंत सगळे विजेते लिहून द्यायचे. सर्वात जास्त बरोबर येतील त्याला चार रविवार मिसळ माझ्याकडून. आणि सगळेच्या सगळे बरोबर आले तर माझी सायकल! ९६ कागद परत आले. सायकल बाबांनी नुकतीच घेऊन दिली होती, म्हणून त्या रात्री मी जरा घाबरून हिशोब करायला बसलो.

पहिला प्रश्न : सामने किती? आठ अधिक चार अधिक दोन अधिक एक अशी बेरीज करायची गरज नाही. बाद फेरीत प्रत्येक सामन्यातून एकच संघ घरी जातो. विजेता सोडून १५ संघांना घरी पाठवायचंय, म्हणून सामने १५. (तिसऱ्या क्रमांकाची मॅच आम्ही धरली नव्हती.) १२८ खेळाडूंची विम्बल्डन असेल तर एकेरीचे सामने १२७. बस्स!

दुसरा प्रश्न : कागद किती प्रकारे भरता येईल? प्रत्येक सामन्याला दोन पर्याय. दोनाला पंधरा वेळा गुणा. उत्तर ३२,७६८. डोळे मिटून भरलेला कागद पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ३२,७६८ त एक. खात्रीने जिंकायचं असेल तर तितके वेगवेगळे कागद भरायचे. एका कागदाची जाडी ०.१ मि.मी. धरली तर तो गठ्ठा सव्वातीन मीटरच्या वर जातो, म्हणजे आपल्या रूमच्या छताला टेकतो.

तुम्ही म्हणाल, डोळे मिटून कोण भरतं? आम्हाला फुटबॉल कळतो. मान्य. समजा तुम्हाला इतका कळतो की कुठल्याही सामन्याचा विजेता तुम्ही ७० टक्के वेळा बरोबर सांगता. आपल्याकडे ७० टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. पण पंधराच्या पंधरा बरोबर यायला ०.७ ला ०.७ ने गुणत जायचं, पंधरा वेळा. येतात ०.००४७. म्हणजे साधारण २११ त एक. ६० टक्केवाला असेल तर २,१२७ त एक. आणि ८० टक्के म्हणजे अगदी तज्ज्ञ, तरी २८ त एक. इथे डिस्टिंक्शनवाल्याचीही दांडी उडते. सायकल बऱ्यापैकी सुरक्षित होती, मी झोपलो.

आता प्रत्यक्षात काय झालं बघा. दुसऱ्या फेरीत पहिले चार सामने सरळ गेले : नेदरलँड्स, अर्जेंटिना, फ्रान्स, इंग्लंड. मग ५ डिसेंबरला क्रोएशियाने जपानला पेनल्टी शूटआऊटमध्ये काढलं, तर ६ तारखेला मोरोक्कोने स्पेनला. शूटआऊटमध्ये स्पेनचा एकही गोल नाही! रात्री कागद तपासले तर ९६ पैकी चारच निष्कलंक उरले होते. ९ डिसेंबरला क्रोएशियाने ब्राझीललाही शूटआऊटमध्येच घरी पाठवलं, आणि उरलेले चारही गेले. बाद फेरीची खरी गंमत इथे आहे. लीगमध्ये एक अंदाज चुकला तर एकच मार्क जातो. इथे ज्यांनी ब्राझीलला विश्वविजेता केलं होतं त्यांचं उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असं तिन्हीकडे एका रात्रीत चुकलं. एका चुकीला तीन शून्यं, अगदी व्हायवासारखं.

सर्वात जास्त मार्क कोणाला? भाऊला. १५ पैकी १२. त्याचे स्पेन, ब्राझील आणि पोर्तुगाल एवढेच चुकले. फायनलला अर्जेंटिना आणि फ्रान्स, विजेता अर्जेंटिना, हे त्याने आधीच लिहून दिलं होतं. १८ डिसेंबरच्या रात्री ३-३ नंतर शूटआऊट संपलं तेव्हा आम्ही त्याला खांद्यावर घेऊन कॉरिडॉरभर नाचलो. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर मी स्वतः स्केचपेनने लिहिलं : 'हॉस्टेलचे अधिकृत भविष्यवेत्ते'. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याचा मला पुढे पश्चात्ताप झाला.

थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, कारण हा खेळ तिथे फार मोठ्या प्रमाणावर खेळतात. दर मार्चमध्ये तिथल्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा असते. मुख्य तक्त्यात ६४ संघ, म्हणजे सामने ६३. लाखो लोक तक्ते भरतात. शक्यता किती? दोनाचा त्रेसष्ठावा घात. हा आकडा आपल्याला नवा नाही. बुद्धिबळाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या घरात दुप्पट, ही गोष्ट लहानपणी ऐकली असेल. त्या पटावरच्या शेवटच्या, चौसष्ठाव्या घरातले दाणे म्हणजेच हा आकडा : ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. मघाचा कागदांचा गठ्ठा इथे सूर्यापर्यंतच्या अंतराच्या सहा हजार पटींहून उंच जातो. ७० टक्केवाल्या हुशार माणसालासुद्धा सुमारे ५७४ कोटींत एक एवढीच संधी.

२०१४ मध्ये तिथल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीने, वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या विम्याच्या आधाराने, पूर्ण बरोबर तक्त्याला एक अब्ज डॉलर जाहीर केले होते. पहिल्या फेरीचे ३२ सामने संपायच्या आतच त्या स्पर्धेतला एकही तक्ता शाबूत राहिला नाही. बफे यांनी गणित आधी केलं होतं, हे उघड आहे. २०१९ मध्ये ओहायोतल्या एका गृहस्थांचे पहिले ४९ सामने ओळीने बरोबर आले. पन्नासावा चुकला. त्यांचं कौतुक आहेच, पण ४९ पर्यंत पोचलेल्या माणसालाही पुढे १४ सामन्यांचा डोंगर तसाच उभा होता. नाण्याच्या हिशोबाने १६,३८४ त एक.

आता आपल्या सिलॅबसमध्ये येऊ. सिरीजमध्ये जोडलेल्या सिस्टिमची रिलायबिलिटी कशी काढतात? प्रत्येक घटकाची रिलायबिलिटी एकमेकांना गुणून. जर्मन इंजिनिअर रॉबर्ट लुसर यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. १०० घटक, प्रत्येक ९९ टक्के भरवशाचा. वाटतं की सिस्टिम उत्तम. गुणाकार सांगतो ३६.६ टक्के. बाद फेरीचा कागद म्हणजे अशीच सिरीज सर्किट. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. म्हणून इंजिनिअर महत्त्वाच्या ठिकाणी पॅरलल मार्ग ठेवतो. (ए.टी.के.टी. हा विद्यापीठाने आपल्याला दिलेला पॅरलल मार्गच आहे, हे ज्यांना पटतं त्यांना पटतं.)

हे सगळं मी टी.ई.पर्यंत शिकलो होतो. भाऊही शिकला होता. आम्हा दोघांनाही या प्रश्नाला मार्क मिळाले होते. तरीही एप्रिल २०२५ मध्ये, आय.पी.एल. ऐन भरात असताना, त्याच्या फोनवर एका अनोळखी माणसाचा मेसेज आला : 'आजची मॅच कोण जिंकणार, फुकट सांगतो.' बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर. असं सहा वेळा ओळीने. सातव्या वेळी तो म्हणाला, आता २,००० रुपये द्या, मग सांगतो. भाऊने दिले. आणि त्याने सांगितलेल्या संघावर एका ॲपवर ९,००० लावले. परीक्षेचा फॉर्म आणि मेसचं बिल, दोन्हीचे पैसे घरून त्याच आठवड्यात आले होते. तो संघ हरला.

तीन दिवस त्याने कोणाला काही सांगितलं नाही. मेसमध्ये येईना, 'भूक नाही' म्हणायचा. चौथ्या रात्री मला म्हणाला, "अरे, सहापैकी सहा होते रे त्याचे! आणि मला स्वतःला पण तोच संघ वाटत होता. माझं असं चुकत नाही सहसा. तूच तर लिहिलं होतंस बोर्डावर."

मी काय बोलणार? कागद घेतला आणि लिहून दाखवलं. समज, तो माणूस ६,४०० जणांना मेसेज करतो. अर्ध्यांना सांगतो हा संघ, अर्ध्यांना सांगतो तो. मॅच झाली की ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून देतो. उरले ३,२००. मग १,६००, ८००, ४००, २००, १००. सहा मॅचनंतर शंभर माणसं अशी उरतात की ज्यांना सहापैकी सहा बरोबर मिळालेत. त्याला क्रिकेट कळायची गरजच नाही. शंभर जणांनी दोन-दोन हजार दिले तर दोन लाख. भाऊला फसवणारा माणूस नेमकं असंच करत होता का, हे सिद्ध करता येत नाही. पण असं करता येतं, एवढं पुरेसं आहे. वगळलेले ६,३०० जण भाऊला दिसणारच नव्हते.

त्याला पटलं, पण पूर्ण नाही. म्हणून रविवारी रेक्टर सरांची परवानगी घेऊन टीव्ही रूममध्ये एक प्रयोग केला. ६१ जण उभे केले. सर नाणं उडवणार. छापा वाटतो त्याने हात डोक्यावर, काटा वाटतो त्याने कमरेवर. चुकला तो खाली बसला. ६१ चे २९ झाले, मग १६, ७, ४, २, आणि सहाव्यांदा एकच उभा. एफ.ई.चा एक बारका मुलगा. टाळ्या पडल्या. कोणीतरी विचारलं, "कसं काय जमवलंस रे?" तो गंभीरपणे म्हणाला, "शेजारचा जे करायचा त्याच्या उलटं करत होतो." सगळे हसले. पण खरं सांगू? जेवायच्या वेळी दोघंजण त्याच्या टेबलाशी जाऊन खरोखर विचारत होते, आजच्या मॅचला कोण?

भाऊने ते पाहिलं. मला कोपर मारून हळूच म्हणाला, "बघ, माझेच भाऊबंद." त्या दिवशी तो चार दिवसांनी पोटभर जेवला.

फॉर्मचे पैसे आमच्या विंगने जमवले, लेट फीसकट. त्याने ते ऑगस्टपर्यंत फेडले. घरी त्याने स्वतः फोन करून सांगितलं, मी शेजारी बसलो होतो. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. पण अनोळखी मेसेज येतच राहणार, आणि सहापैकी सहा बघून आपलं डोकं फिरणं कायद्याने थांबत नाही.

माझी चूक काय झाली तेही सांगतो. ९६ जणांत कोणीतरी पहिला येणारच होता. मी त्या पहिल्या येण्याला विद्या समजलो आणि बोर्डावर लिहून मोकळा झालो. १५ पैकी १२ खरोखर छान होते. पण चुकलेले तीन बोर्डावर कोणी लिहिले नाहीत.

२०२६ च्या विश्वचषकासाठी संघ ३२ चे ४८ केले गेले आणि बाद फेरी ३२ संघांची ठरली. म्हणजे सामने ३१ आणि पर्याय २,१४,७४,८३,६४८. कॉम्प्युटरवाल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये तो मावत नाही. भाऊ म्हणतो, तक्ता पुन्हा काढू, बक्षीस मिसळच ठेवू, आणि यावेळी बोर्डावर प्रत्येकाच्या चुका लिहू. स्वतःच्या तीन चुका सगळ्यात वर लिहायच्या असं त्याने ठरवलंय.

सायकल अजून माझ्याकडेच आहे. हवी असेल तर पंधरापैकी पंधरा आणा!