भर उन्हात फ्लॅश कमी का पडतो?

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. नळदुर्गच्या किल्ल्यात दुपारी जोडप्याचे फोटो घेतले की आभाळ पांढरंफटक आणि चेहरे काळवंडलेले येतात. फ्लॅश स्टँडवर लावून शटर १/१००० ठेवलं, तर फोटोत काळा पट्टा आला. जास्त ताकदीचा फ्लॅश घ्यावा का?
– एक वाचक, सास्तूर (ता. लोहारा)

उत्तर : नवीन खर्च करू नका. तो पट्टा म्हणजे शटरच्या पडद्याची सावली. फ्लॅशचा त्यात दोष नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० पर्यंतच सेन्सर एका वेळी पूर्ण उघडा असतो.

शटर १/२०० आणि आयएसओ १०० ठेवा. फ्लॅश बंद करून आभाळ निळं दिसेपर्यंत अ‍ॅपर्चर लहान करा. कडक उन्हात एफ/११च्या आसपास थांबाल. चेहरे काळे दिसतील, दिसू द्या. जोडप्याची पाठ उन्हाकडे करा आणि मग फ्लॅश लावा, चौकटीच्या जेमतेम बाहेर, पाचेक फुटांवर. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हे बहुतेक जण विसरतात.

हाय-स्पीड सिंक या सोयीने वेगवान शटरवरही पट्टा जातो, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते. दुपारी फ्लॅशला छत्रीही नको. ती उजेड खाते आणि वाऱ्याने स्टँड आडवा करते. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधाच. पूर्ण ताकदीवर सलग फ्लॅश मारू नका, तो तापतो. किल्ल्यात परवानगीची चौकशी आधी करा.

सराव घरच्या अंगणात, संध्याकाळी पाचनंतर सुरू करा. तेव्हा छत्रीही वापरता येईल.