घराजवळचे झाड तोडण्यापूर्वी

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे वाशिम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर येथील नव्या वस्त्यांत एक प्रश्न हटकून निघतो : अंगणातील कडुनिंब घराकडे कलला आहे, तो तोडावा की ठेवावा? ज्या जमिनीत पूर्वी पऱ्हाटी व तूर पिकत होती, तेथे आता घरे उभी राहिली. धुऱ्यावरची झाडे मात्र आपल्या जागीच राहिली. जागा माझी, झाड माझे, मग विचारावयाचे कोणास, असे घरमालकास वाटते. या समजुतीनेच पुष्कळ गृहस्थ अडचणीत येतात. सबब या विषयाचा थोडक्यात विचार करू.

झाडाची मालकी व झाड तोडण्याची मोकळीक या दोन गोष्टी भिन्न होत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर त्याचाच हक्क मानला आहे. परंतु तोडीचे नियम त्यास पाळावेच लागतात. म्हणून आपले घर कोणत्या हद्दीत पडते, हे प्रथम पाहावे.

नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम चालतो. येथे झाड निंबाचे असो वा गुलमोहराचे, नगरपरिषदेकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. जाळणे किंवा कोणत्याही रीतीने इजा करणे हीदेखील या कायद्याने तोडच होय. तेव्हा मुळाशी विषारी द्रव्य ओतून झाड वाळविणारा सुटत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्यावरील झाडांस वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे.

हद्दीबाहेर, खेड्यात, १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू आहे. तो साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन इत्यादी अनुसूचीतील झाडांपुरता आहे. त्यासंबंधी चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. तोडलेले लाकूड गाडीत घालण्यापूर्वी वाहतुकीचा परवाना लागतो किंवा कसे, हेही तेथेच विचारावे.

कायदा आडमुठा आहे असे मात्र नव्हे. झाड वाळलेले, रोगट किंवा वादळाने पडलेले असेल, अथवा त्यापासून जीवितास वा मालमत्तेस धोका असेल, तर ती तोडीची योग्य कारणे मानली आहेत. अर्जात झाडाची जात, छातीच्या उंचीवरील घेर, घरापासूनचे अंतर व धोक्याचे स्वरूप स्पष्ट लिहावे. सोबत जागेचा कागद व छायाचित्र जोडावे.

परंतु तोडीपूर्वी छाटणीने काम भागते काय, हे पाहावे. बहुधा एखादी फांदीच छपरावर आलेली असते. तेवढी फांदी नगरपरिषदेस विचारून काढावी. खोडापासून वीतभर अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप घ्यावा, नंतर त्याच्या किंचित पुढे वरून कापावे, व शेवटी राहिलेला खुंट खोडाजवळील फुगवटा राखून काढावा. असे केल्याने फांदीच्या वजनाने साल सोलत नाही व जखम लवकर भरते.

काम ठेकेदारास दिले तरी परवानगीचा कागद आपण स्वतः पाहावा. "साहेबांशी बोलणे झाले आहे" या शब्दावर कुऱ्हाड चालू देऊ नये. जवळून तारा जात असल्यास महावितरणकडून वीज बंद करविल्याखेरीज मजुरास वर चढवू नये. फांद्यांत घरटी असल्यास पिले उडेपर्यंत थांबावे. रानपक्ष्यांची अंडी व घरटी यांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

एक हिशेब शेवटी सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे शहरात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावयाची आहेत. म्हणजे ३० वर्षांच्या निंबासाठी ३० रोपे आली; आणि ती सर्व जगली तरी वैशाखातील तीच सावली अंगणात यावयास पुन्हा तितकीच वर्षे जावी लागतात. धोका खरा असेल तर झाड अवश्य काढावे. पालापाचोळ्याचा कंटाळा हेच कारण असेल, तर खराटा हाती घ्यावा.