गाय दावणीला, नाव दुसऱ्याचं

माणदेशातल्या एका पशुपालकाने 2023 च्या दिवाळीनंतर सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ गाय आणली. कानात पिवळा बिल्ला, खिशात बाजाराची पावती. व्यवहार चोख झाला असं त्याने धरलं. पिढ्यान्‌पिढ्या बाजार असाच तर चालत आला आहे.

जानेवारी 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान सुरू केलं. अट होती, शेतकऱ्याचं बँक खातं आधारशी आणि जनावराच्या बिल्ल्याशी जोडलेलं हवं. बिल्ल्यावरचे 12 आकडे टाकले, तर समोर नाव आलं भलत्याच माणसाचं. गाय व्यापाऱ्याच्या हातून आलेली, मूळ मालकाचा पत्ता पावतीवर नव्हताच. तो सापडून नोंद बदलेपर्यंत योजनेचा पहिला महिना हातचा गेला.

मालकाचं नाव, जात, वय, वेत, लसी, रेतन हे सगळं ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्या क्रमांकापुढे लिहिलेलं असतं. गाय गाव बदलते, नोंद जागची हलत नाही. ती कुणीतरी बदलून घ्यावी लागते.

शिंगाची ठेवण, अंगावरचा डाग, कपाळावरचा चांद एवढ्यावर ओळख पटायचे दिवस आता सरले. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याविना खरेदी-विक्रीला आणि सरकारी दवाखान्यातल्या उपचारांना मनाई आहे. वीज पडून किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं, तर भरपाईही बिल्ला असेल तरच.

म्हणून बाजारात दात बघताना कानही बघावा. बिल्ल्यावर शेण-माती बसलेली असते, 3 आणि 8 मध्ये हमखास गफलत होते. ओल्या फडक्याने पुसून आकडे एकेक करून वाचावेत आणि पैसे मोजण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून नोंद तपासून घ्यावी. नोंदीत कालवड आणि समोर चौथ्या वेताची गाय असेल, तर सौदा तिथेच थांबवावा. विकणाऱ्याचा मोबाइल नंबर पावतीवर लिहून घ्यावा, आणि मालकी आपल्या नावे चढेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवावी. व्यापारी कुरकुर करेल, करू द्यावी. खरं तर ही नाव बदलण्याची सोय बाजाराच्या आवारातच हवी. गाय सांगोल्यात विकायची आणि नोंदीसाठी दोन गावांचे दवाखाने धुंडाळायचे, हा शेतकऱ्याला फुकटचा हेलपाटा आहे.

बाभळीला कान घासून बिल्ला तुटतो, पडतो. तेव्हा नुसता नवा मारून घेऊन भागत नाही. जुन्या क्रमांकाची नोंद नव्याला जोडली का, हे विचारावं, नाहीतर लसीकरणाचा आणि वेताचा सगळा इतिहास मागे राहतो. गायीचा विमा असेल तर नवा क्रमांक विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावा. बिल्ला नाही तर दावा नाही, ही अट पशुविम्यात सर्रास असते.