पोराचं व्यसन मंडळापुढे लपवू नका



पोरगं चोरीत सापडलं की आईच्या तोंडून पहिलं निघतं, "साहेब, माझा पोरगा तसा नाही. तो कशाला हातसुद्धा लावत नाही." त्यात माया असते, लाजही असते. पण पोरगं खरंच दारू, गांजा नाहीतर पंक्चरच्या सोल्युशनच्या नादी लागलेलं असेल, तर हेच वाक्य त्याच्या उपचाराच्या आड येतं. ते कसं, ते पाहू.

18 वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय अधिनियम, 2015 लागू होतो. पोलिसांना त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत किमान एक बाई असतेच.

मग परिविक्षा अधिकारी मुलाची माहिती काढतो. घरी कोण कोण आहे, शाळा का सुटली, संगत कुणाची, हे सगळं विचारतो आणि दोन आठवड्यांत अहवाल देतो. तायांनो, हा कागद फार मोलाचा आहे. निकाल देताना मंडळ तोच पुढ्यात ठेवतं.

समजा, शाळा सोडलेल्या पोराने विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली, तांबं भंगारात विकलं आणि पैसे गांजात उडवले. अहवालात नुसती चोरी आली तर मंडळाला त्यात चोरच दिसणार. पण 'वर्षभर गांजा ओढतो, घरातली भांडीही विकली, आई उपचाराला तयार आहे' असं आलं, तर गोष्ट बदलते. कलम 18 प्रमाणे मंडळ त्याला परिविक्षेवर आईबापाच्या ताब्यात देऊ शकतं. जोडीला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण कर, शाळेत किंवा कामाच्या प्रशिक्षणाला जा, अमुक ठिकाणी फिरकू नको, असा हुकूमही देऊ शकतं. विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत पाठवण्याचा अधिकारही मंडळालाच आहे. व्यसन सांगितलं म्हणून पोरगं हमखास घरी येईल असं नाही. पण मंडळाला ठाऊकच नसेल तर उपचाराचा हुकूम निघणार कुठून?

"सांगितलं तर आणखी एक कलम लागेल" ही भीती असेल, तर आधी वकिलाशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला वकील फुकट मिळतो. मुलाला 16 पूर्ण झाली असतील आणि गुन्हा खुनासारखा अतिगंभीर असेल, तर वाट वेगळी आहे. तिथे वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

पोरगा 18 च्या वरचा असेल तर? अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात कलम 39 आहे. स्वतःच्या नशेसाठी किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची तयारी असेल तर, न्यायालय तुरुंगाऐवजी सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडू शकतं. त्याला बंधपत्र द्यावं लागतं आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन हजर व्हावं लागतं. विकणाऱ्याला ही सवलत सहसा लागत नाही.

हुकूम मिळाला की खरी मेहनत सुरू होते. रोजच्या पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर लागतोच; पोराला खोलीत कोंडून व्यसन सोडवायला जाऊ नका. केंद्रात मोठ्या माणसांतच ठेवणार का, तेही विचारून घ्या. सुटल्यावर पोरगं पुन्हा घसरलं तर परिविक्षा अधिकाऱ्याला आपणहून सांगा. तारीख चुकवू नका. एसटीच्या भाड्यापायी खेप चुकत असेल तर गटातून अंतर्गत कर्ज काढा, आणि एखादी ताई सोबत जा. आणि बाप रोज घरातच पीत असेल तर पोराचा कार्यक्रम कागदावरच राहतो. बैठकीत हे कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध सोडून, कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्यात तंबाखूही येते. गावातली टपरी कुणाची, हे आपल्याला ठाऊक असतंच.

मदत करताना पोराचं नाव इतिवृत्तात लिहू नका, फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

हे फोन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मुलांसाठी 1098, व्यसनमुक्तीसाठी 14446, फुकट वकिलासाठी 15100.